केळफुलाचा ब्लाऊज

मंगळवार, संध्याकाळ. पांडेसरा.

अजून डोकं तापलेलंच आहे. आमच्या मिलमध्ये डिझाइन काढायचं म्हणजे बाजारात चाललेल्या साडीचा फोटो घ्यायचा, एखादं पान फिरवायचं आणि रंग बदलायचे. एवढ्यासाठी शिकले का मी? आज जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं काढलं. केळफूल. मशीनवाल्याला सांगून एका तुकड्यावर छापूनही घेतलं.

शेठनी बघितलं. "आ शुं छे, कांदो? जे चाले छे ए कर, बेन." सगळे हसले. तुकडा मशीन पुसायच्या चिंध्यांत गेला.

मी तो उचलून घरी आणला. आईला काही न सांगता नुसता पसरला. ती लगेच म्हणाली, "हाई ते केयफूल शे!"

कांदा म्हणे! गावाकडची केळीची बाग सोडून आईला किती वर्षं झाली, तरी तिला कळलं. पोटासाठी कॉपी करीन, ते कुठं सुटलंय? पण रोज एक तरी माझं काढणार. नाही विकलं तर नाही.

आई आत्ता त्याच तुकड्याचा ब्लाऊज बेततेय. उद्या तो घालूनच कामावर जाणार. शेठ पुन्हा "आ शुं छे?" म्हणाले, तर सरळ मराठीत सांगेन: माझं आहे.