सॉर्बिटॉलच्या वहीतला पेन्सिलचा आकडा

सर, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्याबद्दल माझ्या मनात एक अढी होती, ती आज सांगून टाकते. मला वाटायचं, तुम्ही आकडे बनवता.

कराडच्या त्या प्रयोगशाळेत तुमचा दिवस एकाच प्रश्नानं सुरू व्हायचा. पाणी कुठलं? तुम्ही मूळचे आटपाडीचे. "आमच्याकडं टँकर आला की आधी वास घ्यायचा, मग हंडा लावायचा," असं म्हणत तुम्ही माझ्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली नाकाशी न्यायचात, आणि आम्ही पाठीमागं हसायचो. काम दिसायला साधं होतं. सॉर्बिटॉल म्हणजे बिनसाखरेच्या खोकल्याच्या औषधात असतं ते गोड अल्कोहोल. ते पाण्यात विरघळवायचं, त्यात ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल घालायचं, आणि छोट्या काचेच्या बाटलीत भरून, वजन करून, पाचव्या दशांशापर्यंत घनता काढायची, आणि तिच्यावरून ग्लायसिन द्रावणात किती जागा घेतं ते. ग्लायसिनच्या दोन्ही टोकांना विद्युतभार असतो, तो भोवतीचं पाणी आवळून धरतो. सॉर्बिटॉल जवळ आलं की त्यातलं थोडं पाणी सुटतं आणि ग्लायसिन जरा ऐसपैस बसतं, एसटीत शेजारचा उतरल्यावर आपण बसतो तसं. सॉर्बिटॉल वाढवत नेलं की हा ऐसपैसपणा रेषेत वाढताना दिसायला हवा होता, आणि दिसतही होता.

शेवटचं द्रावण करायचं आणि नेमकी डिस्टिल्ड पाण्याच्या उपकरणातली तापायची कॉइल जळते. नुसत्या सॉर्बिटॉलच्या पाण्याची घनता मी आदल्याच दिवशी काढून ठेवलेली, ग्लायसिन घातलेलं तेवढं राहिलंय. प्रबंध आठवड्यावर आलाय. मी स्टँडजवळच्या गॅरेजमधून ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन आणते. वर 'शुद्ध' असं छापलेलं असतं, आणि त्या दिवशी मला तेवढं पुरतं. आलेखावर त्या द्रावणाचा बिंदू रेषेच्या बराच खाली येतो. तुम्ही वहीवर वाकता आणि विचारता, "पाणी आपलंच का गं?" मी म्हणते, "हो सर." तुम्ही माझ्याकडं नाही, बाटलीकडं बघता.

तीन दिवसांनी वही परत आली तेव्हा माझा आकडा खोडलेला, आणि शेजारी तुमच्या अक्षरात पेन्सिलनं दुसरा, थेट रेषेवर बसणारा. मी काही विचारलं नाही. तोच टाइप केला, पदवी घेतली, आणि मनात म्हणाले, लोकांच्या पाण्याचा वास घेणारा माणूस स्वतः असला! बॅटरीचं पाणी मी घातलं आणि संशय तुमच्यावर घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पुढं तुमचा प्रत्येक शोधनिबंध मी तिरक्या डोळ्यानं वाचला. तुम्ही मिरजेला दवाखान्यात होता, माझ्या सांगलीपासून हाकेच्या अंतरावर, तरी मी आले नाही. कॉलेजात परीक्षा आहेत म्हणून कळवलं. परीक्षा नव्हत्या.

या आठवड्यात माझी एक विद्यार्थिनी तेच द्रावण मोजत होती. आता यंत्र आहे, थोडंसं आत सोडायचं की पडद्यावर घनता. तिचा आकडा मला ओळखीचा वाटला म्हणून जुनी वही काढली. शेवटचा अंक सोडला तर तुमचाच. मी आधी तिच्यावरच संशय घेतला, माझा प्रबंध बघून लिहिलास का म्हणाले. पोरगी रडवेली झाली. मग मी स्वतः द्रावण केलं, तीनदा मोजलं. तुमचाच आकडा. तरी पटेना, म्हणून आपल्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना फोन लावला. आता ते निवृत्त होऊन गावी असतात.

"मामा, सर कधी आकडे बनवायचे का हो?"

"आवं मॅडम, बनवतील कशाला? तुमच्या त्या शेवटच्या येळंला सोता कॉइल बसवली, पानी काढलं. दोन दिस नुसतं बाटली भरत्यात नि वतत्यात. मीच वजनाची खोली उघडून देत हुतो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं की, पोरीला सांगू का? तर म्हनले, न्हाई. ती पान्याचं सांगंल, तवा मी आकड्याचं सांगीन."

म्हणजे तुम्ही वाट बघत होता. प्रबंधावर सही करताना बघत होता, आणि मिरजेच्या खाटेवरसुद्धा बघत असाल. मला फार वाईट वाटतंय, सर. आणि तुमचा रागही येतोय. एकदा सगळ्यांसमोर झापलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते, आणि दवाखान्यात आले असते.

हा कागद वहीच्या त्याच पानात ठेवणार आहे. मामांनी फोन ठेवता ठेवता विचारलं, "आवं, पन ते पान्याचं काय हुतं?"

मी म्हणाले, "कुणास ठाऊक मामा, आता आठवत नाही."