पान अकरावरचे आभार

किलबॅरन, कौंटी रॉसकॉमन
४ मार्च २०१९

चि. लोर्कन यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा खोकला थांबला असेल. माझी तब्येत ठीक आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. आमच्या घराचं कर्ज बँकेनं एका परदेशी फंडाला विकलं. गावात सगळे त्यांना गिधाडं म्हणतात. जूनअखेर घर रिकामं करा, असं गिधाडांचं पत्र आलंय.

डोनलच्या हृदयविकारामुळे कर्जाला विमा मिळाला नव्हता, हे तुला ठाऊक आहे. तो गेला तेव्हा बँकेचे मॅनेजर टियर्नी घरी आले होते. शवपेटीशेजारी माझा हात धरून म्हणाले, बाई, झेपेल तेवढा हप्ता भरत राहा, तुम्ही आहात तोवर या घराला कोणी हात लावणार नाही. सात वर्षं मी अर्धा हप्ता भरत आले, एकदाही चुकवला नाही. आता बँक म्हणते, अर्धा हप्ता म्हणजे थकलेलंच कर्ज, आणि अशा वचनाची नोंद आमच्याकडे नाही.

सोबतचं पत्र तुझ्या पेपरात छाप. टियर्नी खोटारडे आहेत, हे वाक्य गाळू नकोस.

तुझीच ताई,
डिम्फ्ना

रॉसकॉमन
१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ते छापता येत नाही. आमच्या वकीलबाई म्हणतात, बदनामीचा दावा आला तर लिहिलेलं खरं आहे हे पेपरनं सिद्ध करायचं, टियर्नींनी काही नाही. तेव्हा ऐकायला कोण होतं? तुझी नणंद, आणि ती आता डोनलच्या शेजारीच निजली आहे. परवा एका नगरसेवकाबद्दलच्या एका ओळीपायी आम्हाला माफी मागावी लागली आणि दोन माणसांची नोकरी गेली. मला भित्रा म्हण हवं तर.

तुझा,
लोर्कन

किलबॅरन
२ एप्रिल

चि. लोर्कन,
अ. उ. आ.

म्हणणार नव्हते, पण तूच म्हणालास तर राहू दे.

लायब्ररीच्या गाडीतून बदनामीच्या कायद्याचं पुस्तक आणलं. गाडीवरची मुलगी विचारत होती, आजी, कोणाला कोर्टात खेचताय? तीनदा वाचलं. अर्धं कळलं. मग पुस्तक मिटून तुझा पेपर उघडला, तर पान अकरा. माणूस गेला की घरचे तिथे सगळ्यांचे आभार मानतात. डोनलच्या वेळी माझ्यात बळ नव्हतं, ते राहूनच गेलं. कोणी बोललं नाही, पण गावाच्या लक्षात असतं. दोन मे रोजी त्याला सात वर्षं होतील. तेव्हा हे छाप, पैसे घेऊन:

‘कै. डोनल यांच्या पत्नीकडून, उशिरा का होईना, मनापासून आभार. गॅलाघर कुटुंबाचे, ज्यांनी दहा खुर्च्या दिल्या. कबर खणणाऱ्या चौघांचे. आणि तेव्हाचे बँक मॅनेजर श्री. टियर्नी यांचे, ज्यांनी शवपेटीशेजारी माझा हात धरून सांगितलं, की झेपेल तेवढा हप्ता भरा, तुम्ही आहात तोवर या घराला कोणी हात लावणार नाही. त्या शब्दावर मी सात वर्षं निर्धास्त झोपले.’

आभारानं कोणाची अब्रू जाते, ते तुझ्या वकीलबाईंना विचार.

ताई

रॉसकॉमन
९ एप्रिल

ती. ताईस सा. न.

वकीलबाईंनी दोनदा वाचलं आणि हसू लागल्या. म्हणाल्या, टियर्नींनी दावा लावला तर मला दयाळू म्हटलं ही माझी बदनामी, असं त्यांना कोर्टात उभं राहून सांगावं लागेल. मजकूर मी स्वतः टाइप केला.

लोर्कन

किलबॅरन
१० जून

चि. लोर्कन,
अ. उ. आ.

उशीर झाला, रागावू नकोस. पेपर आला त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात लोक रांगेनं टियर्नींचा हात हातात घेत होते. भला माणूस, म्हणत होते. त्यांचे कान लाल झाले. सोमवारी ते माझ्या दारात उभे. आत या म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, बाई, शिव्या दिल्या असत्या तर वकील केला असता, आभारांचं मी काय करू? मग टोपी फिरवत खरं काय ते सांगितलं. आपला शब्द त्यांनी तेव्हाच बँकेच्या डब्लिनच्या मुख्य कचेरीला कळवला होता म्हणे, तिथून सांगितलं, लेखी काही देऊ नका. आता त्यांनी वकिलापुढे शपथेवर सगळं लिहून दिलंय.

तो कागद फंडाकडे धाडला, आणि आज त्यांचं पत्र आलं. नोटीस मागे घेतली, जुना हप्ता चालेल. पण खाली बारीक अक्षरात आहे, हे कर्ज पुढे दुसऱ्याला विकायचा हक्क आमच्याकडे राहील. बॅगेत भरलेले डोनलचे कोट परत कपाटात लावले, पण बॅग मात्र अजून पलंगाखालीच आहे.

दर दोन मे रोजी पान अकराची ती जागा माझ्यासाठी राखून ठेव. गॅलाघरांची थोरली सून येऊन सांगून गेली, खुर्च्या दहा नव्हत्या, बारा होत्या. तेवढं दुरुस्त कर. बाकी एक अक्षर बदलू नकोस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
डिम्फ्नाताई