मुलांना पुडिंग शिकवताना

सोमवार, ४ मे

मुलांना सुट्टी लागली. मीही घरीच. कंपनीने क्वालिटी विभाग तूर्त बंद केलाय. 'तूर्त' हा शब्द त्यांचाच. रंगाचा डबा उघडून नुसत्या वासावरून भेसळ ओळखणारा माणूस त्यांना दुसरा मिळणार नाही, हे कळायला वेळ लागतोय इतकंच. बोलावणं येईल. तोवर ही रजा समजायची.

ही सकाळीच दवाखान्यात गेली. लोकांच्या आखडलेल्या माना सरळ करते. घरी आली की सांगते, बस, आता बोलू नकोस, दमलेय. दुसऱ्यांच्या माना फिरवून कोणी दमतं का.

नाश्ता झाल्यावर थोरली आणि धाकटा समोर येऊन उभे राहिले. एक दहा वर्षांची, एक सहाचा. आधी आपसात कुजबुज झाली, मग थोरलीने तोंड उघडलं. म्हणे, बाबा, आपण पुडिंग करू या, थराथरांचं, ओव्हन लागत नाही. खाली बिस्किटांचा चुरा, वर चॉकलेट, वर जेली, वर क्रीम. धाकट्याने लगेच भाषांतर केलं: खाली माती, वर चिखल, वर तळं, वर ढग. आणि मातीत गांडुळं. गांडुळं म्हणजे त्या लांबट रबरी गोळ्या, ज्या चावताना मूल रवंथ करणाऱ्या वासरासारखं दिसतं.

हसू आलं. थर म्हणजे काय ते मला शिकवतायत. प्रायमर, पुट्टी, पहिला हात, दुसरा हात. माझं उभं आयुष्य थरांत गेलं.

तरी हो म्हटलं. मुलांना कामाची शिस्त लावायला बरं निमित्त आहे. शिवाय रविवारी मेव्हणी आणि साडू जेवायला येतायत. साडू दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावतो आणि संध्याकाळी स्वतःचं मिटत नाही. मुलं त्याच्यावर फिदा. का, तर तो चमचा नाकाला चिकटवून दाखवतो. शिकलासवरलेला माणूस.

रविवारी त्याला कळेल, घरात बाप कोण आहे.

मंगळवार, ५ मे

पहिला थर. चुरा.

सुरुवात व्याख्यानाने केली. विषय: पाया कच्चा तर इमारत कच्ची. थोरलीने दोनदा घड्याळाकडे बघितलं, मग भावाकडे. धाकटा टेबलाखाली गेला. तिथून त्याने विचारलं, पायाला पाया का म्हणतात. दुर्लक्ष केलं.

बिस्किटं लाटण्याने एकसारखी फोडायची, पिठाच्या चाळणीने चाळायची, वर राहील ते परत फोडायचं, असं ठरवून दिलं. मी चाळणी शोधायला गेलो तेवढ्यात यांनी बिस्किटं पिशवीत भरली आणि धाकटा पिशवीवर बसला. नुसता बसला नाही, वर उड्या मारल्या. परत येऊन बघतो तर चुरा तयार. पण कसा, तर कुठे पीठ, कुठे खडी. असल्या मालाला मी लॅबमध्ये दारातही उभं केलं नसतं.

चाळायला घेतला. चाळणीवर जे राहत होतं ते दोघं खात होते. शेवटी हाताशी आला वाटीभर. पण दर्जा उत्तम. गर्दी कमी आणि गुणवत्ता जास्त, हे माझं नेहमीचंच.

हिने संध्याकाळी ओट्याखाली झाडू मारला. कौतुक करायची सवयच नाही या घराला.

बुधवार, ६ मे

चॉकलेट आणि क्रीम.

पुडिंगच्या पाकिटावर लिहिलंय, थंड दुधात घोटा. ज्याला रसायन म्हणजे काय ते ठाऊक आहे तो हसेल. कुठलीही पूड गरम द्रवात लवकर विरघळते. दूध कढत घेतलं. थोरली म्हणाली, बाबा, थंड लिहिलंय. मी म्हटलं, पाकिटावरच्या सूचना अडाण्यांसाठी असतात. ती म्हणाली, मग आपण अडाणी होऊ या ना, आजच्या दिवस. ही भाषा मावशीच्या घरून येते.

दुपारपर्यंत घट्ट झालं नाही. दूध पातळ होतं, उघड आहे. आजकाल दुधात पाणी नाही, पाण्यात दूध घालतात. दूधवाल्याला दारातच ऐकवलं. तो म्हणाला, काका, बाकी बिल्डिंगचं दही लागलं की याच दुधाचं. बाकी बिल्डिंगला काय कळतं.

क्रीम फेटायला मिक्सर लावला. मऊ झालं तेव्हा धाकटा ओरडला, ढग झाला, थांब. मी थांबलो नाही. मध्येच काम सोडणारे आपण नव्हे. थोड्या वेळाने ढगाचे गोळे झाले आणि खाली पाणी सुटलं. धाकटा म्हणाला, पाऊस पडला. हिने रात्री ते ब्रेडला लावून खाल्लं आणि म्हणाली, लोणी छान झालंय.

लोणी नव्हतं. क्रीमची पुढची पायरी होती.

गुरुवार, ७ मे

आज पुडिंगला सुट्टी. मनगट दुखतंय. हिला दाखवलं. तिने दाबून बघितलं आणि म्हणाली, मिक्सर हातात धरायचा नसतो, टेबलावर ठेवायचा असतो. निदान म्हणे.

दुपारी सहज कंपनीत फोन केला. मागे एक फाईल राहिली होती, तिच्याबद्दल. रिसेप्शनवरच्या मुलीने नाव विचारलं. सांगितलं. तिने स्पेलिंग विचारलं. मग विभाग विचारला. क्वालिटी म्हटल्यावर म्हणाली, सर, इथे आता क्वालिटी नाही. आवाज ओळखीचा वाटला, या मुलीच्या लग्नात मी जेवून आलोय असंही वाटलं, पण नवीनच असणार. जुन्या माणसाने असं केलं नसतं.

फोन ठेवून वळलो तर दोघं दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. थोरली म्हणाली, बाबा, उद्या जेली करायची ना, तुझ्याशिवाय जमणार नाही. म्हणजे नेतृत्वाची किंमत हळूहळू कळतेय. धाकट्याने स्वतःच्या खिशातलं एक गांडूळ दिलं. कोमट होतं. खाल्लं.

शुक्रवार, ८ मे

जेली.

हिरवी जेली म्हणजे केविलवाणा प्रकार. रंग आणि पाणी, मधे काहीच नाही. म्हटलं, यात ताजा अननस घालायचा. पोत येईल. थोरलीने पाकीट उलटं करून वाचून दाखवलं: ताजा अननस घालू नका, जेली बसत नाही. मी तिला समजावलं की ही कंपन्यांची चाल असते, डबाबंद अननस खपवायची. मी कंपनीतला माणूस आहे, मला आतलं माहीत. ती म्हणाली, पण डब्यातला तर ते विकतच नाहीत. दहा वर्षांच्या मुलीशी वाद घालायचा नसतो, म्हणून आवाज चढवून विषय संपवला.

धाकटा रडवेला झाला. म्हणे, तळ्यात अननस नसतात. त्याला म्हटलं, तळ्यात साखर तरी असते का.

दोघांनी हळूच विचारलं, आम्ही उरलेल्या पाकिटांतून आमचे छोटे ग्लास करू का. माझा विचार एकच भव्य काचेचं भांडं असा आहे. पण उरलंसुरलं घेऊन मुलं गप्प बसत असतील तर बसोत. परवानगी दिली. अट घातली की ग्लास पाहुण्यांसमोर आणायचे नाहीत. शाळकरी काम लोकांना दाखवून काय करायचंय.

संध्याकाळी भांडं हलवून बघितलं. जेली हलते. जरा जास्तच हलते. रात्रभरात बसेल. घाई माणसाला असते, पदार्थाला नसते.

शनिवार, ९ मे

जेली बसली नाही. फ्रीजचा दोष. त्याचं दार मुलं दिवसभर उघडतात. मी स्वतःही आज बरेचदा उघडलं, पण ते तपासणीसाठी.

उपाय सापडला. भांड्यात थर लावले: खाली चुरा, त्यावर नवं चॉकलेट (थंड दुधात घोटलं, प्रयोग म्हणून), वर ती जेली. आणि सगळं भांडं फ्रीझरमध्ये. तासाभरात जेलीवर काचेसारखा टणक पापुद्रा. बोटाने वाजवून बघितलं. टक टक. कोण म्हणतं बसत नाही. त्यावर नवं क्रीम थापलं आणि भांडं खालच्या कप्प्यात हलवलं. लॅबमध्ये याला क्युअरिंग म्हणायचे, थर आपोआप पक्का होऊ देणं.

आणि मग कळस सुचला. उद्या भांडं ताटात पालथं घालायचं. थर उलटे होतील, चुरा वर, क्रीम खाली, टेबलावर मधोमध मनोरा उभा. साडूच्या नाकावर चमचा राहायचा नाही.

थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, नक्की का. मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, मग मी जुनी चादर काढून ठेवते. कशाला ते कळलं नाही. मुली अशाच असतात, कुठलं काम कुठे.

रविवार, १० मे. दुपार

झालं ते नोंदवून ठेवतो. नंतर लोक वाटेल ते सांगतील.

जेवण झालं. साडूने दोनदा विचारलं, पुडिंग कुठाय. त्याने आज चमचा नाकाला लावला, हनुवटीलाही लावला. मुलं खिदळली. मी उठलो, चार शब्द बोललो: शिस्त, पाया, थर. मेव्हणीने जांभई दिली, हाताआड, पण दिसली. मग भांड्यावर ताट ठेवलं, श्वास घेतला आणि पालथं केलं.

मनोरा झाला नाही. आधी एक आवाज झाला, चिखलातून बूट ओढल्यासारखा. मग हिरवं पाणी ताटाबाहेर आलं, ते टेबलभर गेलं आणि टेबलाच्या कडेवरून सरळ साडूच्या मांडीवर. मागोमाग अननस. मागोमाग चॉकलेट. चुरा आत भांड्यालाच चिकटून राहिला. पाया भक्कम होता, हे मी आधीच म्हटलं होतं.

मग साडूने पॅंटवरचा एक अननसाचा तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, साडूभाऊ, चव उत्तम आहे, फक्त पत्ता चुकला. सगळे हसले. हीसुद्धा. कितीतरी दिवसांनी हसली, आणि तेही कोणाच्या विनोदावर.

थोरलीने जुनी चादर आणून टेबलावर टाकली. धाकटा धावत जाऊन फ्रीजमधून ट्रे घेऊन आला. छोटे ग्लास. माती, चिखल, तळं, ढग. प्रत्येक थर आपापल्या जागी. प्रत्येकाच्या काठावरून एक गांडूळ डोकावत होतं. मी अट घातली होती. पण माणशी एक ग्लास होता, आणि एक माझ्या नावाचाही होता. मातीखाली जास्तीचं गांडूळ लपवलं होतं.

चुरा असमान होता. तळं जरा गोड. बाकी, खाण्याजोगं.

त्याच दिवशी संध्याकाळी

चादर बाल्कनीत वाळत घालत होतो. स्वयंपाकघराची खिडकी तिथेच उघडते. आत ही आणि मेव्हणी भांडी पुसत होत्या. ऐकायचं नव्हतं. ऐकू आलं.

मेव्हणी म्हणाली, पण इतका पसारा तू होऊ कसा दिलास. ही म्हणाली, अगं, एप्रिलभर तो भिंतींशी भांडत होता. कुठे पोपडा आलाय, कुठे ब्रशचा फराटा दिसतोय. रात्री उठून दिवा लावून बघायचा. मी दिवसभर बाहेर. शेवटी मुलांना सांगितलं, रोज त्याला काहीतरी करायला द्या, एकटा बसू देऊ नका. पुडिंग थोरलीने शोधून काढलं. म्हणाली, थरांचं आहे, बाबाला आवडेल.

आत ताटं रचल्याचा आवाज झाला. मग ही म्हणाली, मुलं चांगली आहेत गं. पण दमलीत.

चादर पिळलेली होती, तरी परत पिळली.

आत गेलो तेव्हा साडू माझा ढगळ पायजमा घालून सोफ्यावर बसला होता. म्हणाला, उद्यापासून चार दिवस मुलांना आमच्याकडे पाठवा, साडूभाऊ. मी म्हणणार होतो की मुलांच्या प्रशिक्षणात खंड पडेल. थोरलीकडे बघितलं. तिचे डोळे मिटत होते. ती म्हणाली, बाबा, आम्हाला पण थोडी सुट्टी पाहिजे ना.

पाठवली.

सोमवार, ११ मे

उशिरा उठलो. ही कामावर गेली होती. घर शांत. अशा शांततेत माणसाला खूप वाचन करता येतं. केलं नाही.

हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीवर दरवाजाजवळ बोटभर फुगवटा आहे. ओल असणार. कोणाला सांगायचं हा प्रश्न.

दुपारी मेव्हणीकडे फोन केला. मुलांना काही सूचना द्यायच्या होत्या. धाकट्याने उचलला. मागे हशा चालला होता, बहुतेक चमचा. सूचना आठवेनात. त्याने विचारलं, बाबा, तू जेवलास का. म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे, आणि संपल्यावर मला सांग.

जेवलो. फोन करून सांगितलं.