आत भाजतंय

आई,

तुला लिहायला बसले त्याला तसं अगदी अलीकडचं निमित्त आहे, ते शेवटी सांगेन. नर्सिंगच्या मुलींना मी सगळी नोकरीभर वेदनेचा धडा शिकवला, आणि त्यात तू एकदाही आली नाहीस. मुलींपुढे घरचं काढायचं नाही, असा माझा नियम होता. आता नोकरीही नाही आणि मुलीही नाहीत, तेव्हा तुलाच सांगते.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. तू लोणावळ्यात गुडदाणीच्या कारखान्यात कामाला होतीस आणि तुझ्याच शेजारी मी पुडे बांधायला. मुंबईची माणसं तिला चिक्की म्हणायची, आपल्या तोंडी गुडदाणीच. कढईतला गुळाचा पाक दाण्यांसकट तेल लावलेल्या फरशीवर पडला की तो थापायला पहिला हात तुझा असायचा. हात पाण्यात बुडवायचा आणि थेट पाकावर ठेवायचा. नव्या बाईच्या बोटांना फोड आले की तू हसायचीस. "त्याला भ्यालं ना, की ते जास्ती भाजतं बग." सगळ्या कारखान्यात तुझ्या हातांचं कौतुक होतं, आणि पुढे तेच कौतुक तुझ्या मुळावर आलं.

त्या उन्हाळ्यात तुझी डावी मांडी दुखायला लागली. सुरुवातीला सगळ्यांनीच मनावर घेतलं. निरगुडीचा पाला बांधून झाला, बिब्बा घालून झाला, शेजारची मावशी तेल लावून चोळून गेली. ती चोळायला लागली की तू ओरडायचीस. मग हळूहळू नुसता लुगड्याचा काठ घासला तरी तुझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. कूस बदलता येईना, खाली बसलीस की उठवेना. "हाडात पाक वतल्यावानी भाजतंय गं," तू मला म्हणायचीस, "कातडीला न्हाई, आत." मांडीला वरून सूज नाही, जखम नाही. भाऊ, म्हणजे माझे वडील, स्टेशनात रेल्वेचे खलाशी होते, ओझ्याच्या कामाला. स्वभावाने ते वाईट नव्हते, पण दिसेल तेवढंच खरं मानायचे. ते म्हणाले, "उकळता पाक हातानं थापती आन् लुगडं लागलं तर रडती? काम नको झालंय हिला." तुला त्यांच्याकडून औषध नको होतं गं, 'दुखत असंल' एवढं त्यांनी म्हणायला हवं होतं.

मग मळवलीहून डाग देणारे आबा आले. तू पालथी झोपलेली आहेस, मी तुझे पाय धरून बसले आहे, आबांनी सळई चुलीत लाल केली आहे. ते मांडीला तीन ठिकाणी डाग देतात आणि तू हूं की चूं करत नाहीस. माझ्या हातात तुझे घोटे होते, म्हणून ते किती ताठ झाले होते ते फक्त मला माहीत आहे. ओरडलीस तर पुन्हा नखरे म्हणतील, म्हणून तू सोसलंस. आणि आबा सळई पाण्यात विझवत भाऊंना म्हणतात, "डागाला हलली न्हाई बाई. हिला दुखणं न्हाई, हिच्या मनात कायतरी हाये." भाऊंना तो पुरावाच वाटला. दुसऱ्या दिवशी तू कामावर आलीस.

तुझ्या मांडीत काय चाललं होतं ते मला आता माहीत आहे. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नव्हे. त्याच्यावर पातळ आवरण असतं, आणि त्यात मज्जातंतूंची बारीक टोकं दाट पसरलेली असतात. काही हाडाच्या आतही शिरतात. तुझ्या हाडात कर्करोग उतरला होता. हाड झिजवणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतातच. कर्करोग त्यांना कामाला जुंपतो आणि त्या हाड विरघळवायला आम्ल सोडतात. मज्जातंतूंच्या टोकांवर रिसेप्टर असतात, म्हणजे आजूबाजूला काय होतंय ते टिपून वर कळवणारे. त्यातला एक भाजलं की कळवतो. मिरची झोंबली की तोच कळवतो, आणि आम्ल लागलं की तोच. म्हणजे तुझ्या मेंदूला जात होता तो निरोप भाजल्याचाच होता. असा निरोप सारखा जात राहिला की ती टोकं हळवी होतात, आणि एरवी ज्याची दखलही घेणार नाहीत असल्या स्पर्शाला, हालचालीला बोंब मारतात. मी शिकत होते तेव्हा यातलं फारसं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी नोकरी संपत आली तेव्हा ते पुस्तकांत आलं. पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि चहा ठेवायला उठले.

गणपतीच्या आधी, भर पावसात, तू फरशीजवळून उठायला गेलीस आणि हाड मोडलं. पडली नाहीस, काही उचललं नाहीस, नुसती उठलीस. आवाज असा झाला की बायकांना वाटलं पाट मोडला. तू खाली बसलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे होतं त्याला सुटका हाच शब्द आहे. "मोडलं बग," तू म्हणालीस. "सांग जा भाऊंना. आता तरी पटंल." भाऊ स्टेशनातून पळत आले, तुला उचललं आणि सगळ्यांदेखत रडले. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, तेव्हा हाड वाळवी लागलेल्या वाशासारखं दिसत होतं. त्यानंतर भाऊंनी तुझ्या अंगाला लुगडं लागू दिलं नाही, काठ हातात उचलून धरून बसायचे. दिवाळीपर्यंत तू होतीस. त्या दिवसांत तुला दुखणं सगळ्यात जास्त होतं आणि तरी तू शांत होतीस. मला त्याचा तेव्हा राग यायचा, अजूनही येतो. माणसाचं खरं ठरायला हाड मोडावं लागतं, हे काही मला पटत नाही.

आता निमित्त सांगते. काही दिवसांपासून माझं खुब्याचं हाड दुखतंय. रात्री जास्त, आणि आतून. कशाचं असेल ते मला माहीत नाही, वयाचंही असेल. मुलगा आणि सून दोघंही जीव लावणारी आहेत. नुसतं दुखतंय म्हटलं तरी त्याच दिवशी गाडी काढतील, फोटो काढून आणतील, आणि मग जे काही असेल ते असेलच. अजून मी कुणाला बोललेले नाही. तुझं कुणी खरं मानेना, त्यात तू निम्मी गेलीस; माझी भीती नेमकी उलटी आहे. हे पत्र लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे, कारण सुनेच्या हाती लागलं तर ती वाचेल, आणि तिला लगेच खरं वाटेल.