आमच्या गल्लीवरून गेलेली सावली

३ नोव्हेंबर, सोमवार
वरचे मास्तर आज जिना उतरून आले. निवृत्त, एकटे, दुर्बीण हाच त्यांचा संसार. म्हणाले, "बाई, गुरुवारी संध्याकाळी तुमचे डोळे उसने द्या." मी म्हटलं, डोळे म्हणजे काय वाटीभर साखर आहे?

काम असं. सूर्यापासून फार लांब एक बर्फाचा गोळा फिरतोय. नाव नाही, नुसता नंबर. तो एका ताऱ्यासमोरून जाणार. गोळा दिसायचाच नाही, तारा मात्र वीसेक सेकंद विझणार. विझला की एक ठोका, परत आला की दुसरा. ठोक्यांची वेळ धरायला टेप चालू राहणार. मास्तरांना स्वतःला आता एवढं बारीक दिसत नाही.

मीच का? कारण बाटल्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी हेच करते. दिव्यासमोरून बाटल्या सरकतात. तडकलेली दिसली की चमच्याने टक्! पुढची बाई ती उचलते. खोटा ठोका माझ्या हातून आजवर पडलेला नाही.

शुक्रवारी कारखान्यात डोळे तपासणार. नापास झाले की धुलाईखात्यात. तिथे हातांची सालं निघतात. उजव्या डोळ्यापुढे सहा महिने धूर आहे. कुणाला बोलले नाही.

४ नोव्हेंबर
लेक हसते. "आई, तुला समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत नाही, आणि तारे बघणार!" म्हटलं, पाटी इंग्रजी आहे, ती मला लहानपणापासूनच वाचता येत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
गच्चीवर गारठा. दुर्बिणीला डावा डोळा लावला, हातात कारखान्यातलाच चमचा. आठ वाजून गेले, मास्तर शेजारी सेकंद मोजत होते.

टक्. लगेच दुसरा टक्.

"अहो बाई! अजून अर्धं मिनिट आहे! कशाला वाजवलंत?"

मी डोळा काढला नाही. मग तारा खरंच विझला. ओल्या फडक्याने पुसावा तसा. "आत्ता त्या गोळ्याची सावली आपल्या गल्लीवरून जातेय," मास्तर कुजबुजले. खालचं कुत्रं भुंकत होतं ते थांबलं. कुणाचा तरी नळ चालू होता, तोही ऐकू येईना. कधी संपतंय असं झालं. मग तारा आला. कुत्रं पुन्हा सुरू.

मास्तर चिडलेले. "पहिले दोन ठोके चुकले. बाकीच्या ठिकाणांहून हाच तारा बघणाऱ्या लोकांना मी काय कळवू?"

"वाजले तसे कळवा," म्हटलं. एवढा तोरा कुठून आला मला!

७ नोव्हेंबर, शुक्रवार
उजव्यात मोतीबिंदू. डाव्यात सुरुवात. सुपरवायझर म्हणाला, "ताई, सतरा तारखेपासून धुलाई." म्हणजे कालचे दोन ठोके खोटेच. संपलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मास्तर धापा टाकत आले, हातात कागद. दुसऱ्या दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांतही तारा आधी एकदा विझलाय. अर्धा सेकंद. गोळ्याच्या पुढे चालणारं काहीतरी बारकं आहे. "शोध आहे हा, बाई! तुमचे डोळे सोन्याचे!"

मग कागद खाली-वर करत म्हणाले, "एक मात्र कळत नाही. बघून हात हलायला थोडा वेळ लागतोच. सगळ्यांना लागतो. तुमचा ठोका तारा विझायच्या केसभर आधी पडलाय." हसले. "टेपच बिघडली असेल."

मी नाही हसले.

खरं लिहिते. पहिल्या ठोक्याच्या वेळी माझे डोळे मिटलेले होते. थंडीने पाणी आलं म्हणून मिटले. हात आपला आपण हलला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पट्ट्यावर आज मुद्दाम डोळे मिटून बसले. दहा मिनिटं. मान खाली, म्हणजे कुणाला कळू नये. तीन ठोके पडले.

पुढची म्हणाली, "ताई, उगाच बाई तुम्हाला धुलाईत टाकतात! तिन्ही तडकलेल्या."

सुपरवायझरला काय सांगू? डोळे राहू दे, हात ठेव म्हणून?

१५ नोव्हेंबर
जेवताना हात आपला आपण हलला, चमचा ताटावर वाजला. एकदाच; दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली, तो पडला नाही. समोर लेक बसली होती.