टोपलीतल्या अकरा कंदांची निरवानिरव

श्री.

लिहून ठेवणार भागूबाई भ्रतार कान्हा घारे, वय सुमारे बासष्ट, जात मराठा, धंदा शेती व फुलझाडांची जोपासना, राहणार मौजे वडविहीर, पेटा खालापूर, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी ते आज राजीखुशीने सांगून लिहवून ठेवते.

माझी प्रकृती चांगली आहे. दोन वेळा जेवते, खालापूरच्या बाजारास पायी जाते आणि पायीच परत येते. सुई ओवता येत नाही, पण कोंब कुठला आणि गवत कुठले ते कळते. मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि घालू म्हटल्याने मी पडत नाही, हे गावास ठाऊक आहे. मला अक्षर येत नाही म्हणून विनायकराव टिपणीस यांस बोलावून ओटीवर बसविले आहे. मघाशी ते म्हणाले, "बाई, इतके घरगुती दस्तात घालीत नाहीत." मी म्हटले, "कज्जा घरगुतीच व्हायचा हाय, तवा कारण बी घरगुतीच लिवा." म्हणून ते लिहीत आहेत.

कलम १. ओढ्याच्या वरच्या अंगास असलेली वीस गुंठे जमीन, तीवरील घर, गोठा व विहीर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. घाऱ्यांच्या वडिलार्जित जमिनीतले एक ढेकूळही तीत नाही. वडिलार्जित सर्व जमीन माझा दीर मालोजी विठू घारे कसतो. तिच्यावर मी कधी हक्क सांगितला नाही, आजही सांगत नाही. तसा माझ्या जमिनीवर त्याने किंवा त्याच्या मुलाने सांगू नये. ही मिळकत कशी झाली ते पुढे लिहिले आहे, म्हणजे कोर्टात कोणी विचारले तर उत्तर तयार असेल.

कलम २. माझे घरधनी (त्यांचे नाव मी घेत नाही, वर टिपणीसांनी घातले आहे ते पुरे) डोंगराच्या पायथ्याशी एका साहेबाचा बंगला होता तेथे कामास होते. साहेबास आमरींचा, साहेबलोक ज्यांस ऑर्किड म्हणतात त्यांचा, नाद होता. झाडाच्या फांदीवरची आमरी सर्वांनी पाहिलेली असते. पण त्यास जास्त हवा असे तो अमरकंद, म्हणजे जमिनीत राहणारी आमरी. हिचे कंद बटाट्याएवढे, एकास एक चिकटलेले. पावसाळ्याच्या तोंडाला आधी फुलाचा दांडा वर येतो, पिवळ्या फुलांवर तांबड्या रेघा. मागून हळदीसारखी पाने. दिवाळी सरली की सगळे वाळते आणि वर खूणही उरत नाही.

घरधनी डोंगरावरून कंद आणीत, बंगल्याचा माळी ते कुंडीत लावी, आणि पान गेले की झाड मरते आहे असे समजून दोन वेळा पाणी घाली. हिवाळ्याअखेर कुंड्यांत चिखल आणि कुजलेला कंद. मग साहेबाचा हुकूम, आणखी आणा. सहा वर्षे हेच चालले. जवळचा डोंगर रिकामा झाला.

वरच्या ठाकरवाडीची ठकी आमच्या दारी मोळी घेऊन येई. तिच्या घरी अशक्त माणसास हा कंद दुधात शिजवून देत, पण काढताना एक डोळा, म्हणजे कोंब फुटणारा तुकडा, मातीत ठेवून काढीत. सहाव्या वर्षी तिने घरधन्यांची वाट अडवली. "सगलाच काडशील तं पुढल्या साली काय काडशील रं? डोला तरी ठेव मातीत."

ते म्हणाले, "सायबाला आख्खा लागतो, ठके. मी काय करू?"

त्याच श्रावणात ते कड्याखालच्या निसरड्यावर गेले, कारण अलीकडे काही उरलेच नव्हते. पाय सरकला. त्यांस खाली आणले तेव्हा टोपली कारवीच्या झुडपात अडकलेली सापडली. तीत अकरा कंद होते, एकही फुटला नव्हता. मी सत्तावीस वर्षांची होते. मूलबाळ नव्हते.

तिसऱ्या दिवशी बंगल्याचा शिपाई दारात उभा. "सायेब इचारतात, टोपली कुठं हाय?"

मी म्हटले, "टोपलीवाल्याच्या बायकोकडं हाय. पायजे तर सायबाला म्हनावं, येऊन ने."

साहेब आला नाही. माझ्या आयुष्यात मी केलेली ही पहिली जबरदस्ती, आणि तिचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

कलम ३. ते अकरा कंद मी मागील दारी लावले. पाने गेली तसे मीही पाणी घालू लागले. मला तरी कोठे ठाऊक होते. चार कुजले. ठकी आली, माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि म्हणाली, "निजलीत ती. निजल्या मानसाच्या तोंडात पानी ओततूस का गं?" उरलेले सात वाचले. पुढे जे झाले ते त्या सातांचे.

माझ्या पश्चात जो कोणी वाफा सांभाळील त्याने इतके पाळावे. लाल मातीत कुजका पाला आणि ओढ्याची रेती मिसळावी. सकाळचे ऊन, दुपारची सावली. दिवाळीपासून वैशाखापर्यंत थेंबभर पाणी नाही, कितीही दया आली तरी नाही. कंद अर्धा मातीत, अर्धा उघडा. वेगळा करावयाचा तो मृगाच्या आधी, धारदार विळ्याने, आणि कापलेल्या जागी चुलीतली राख चोळावी.

बियांचे सांगते, कारण ते मुंबईच्या माळ्यांसही साधले नव्हते. बी पिठासारखे असते, फुंकर मारली तर उडून जाते. कुंडीत पेरून मी पाच वर्षे वाट पाहिली, गवतापलीकडे काही उगवले नाही. सहाव्या वर्षी डोंगरावरची, अमरकंद जिथे मूळचा होता तिथली माती आणून जुन्या झाडाच्या बुडाशी पसरली आणि तीवर बी टाकले. पुढल्या पावसात तांदळाच्या कणीएवढे कोंब दिसले. ते फुलावर यायला आणखी चार वर्षे लागली. पहिले फूल उमलले तेव्हा घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी गोठ्यात जाऊन गाईला सांगितले.

मग बंगल्यावर दुसरी माणसे आली. त्यातल्या मडमेने माझी एक कुंडी नेली, ती जगली, दुसऱ्या वर्षी फुलली. तिच्या ओळखीने मुंबईच्या बागांतून मागणी येऊ लागली. मी खोकी भरून गाडीने कर्जत ठेसनावर पोचवीत असे. डोंगरावरून आणलेला एकही कंद मी कधी विकला नाही. जे दिले ते माझ्या वाफ्यातले. त्या कमाईतून ही जमीन घेतली, घर बांधले. यात माझ्या सासरचा किंवा कडावच्या माहेरचा कोणाचाही वाटा नाही. टिपणीस, हे वाक्य ठसठशीत लिहावे.

कलम ४. मालोजीविषयी. बावीस वर्षांपूर्वी पौषात मी खोकी घेऊन कर्जतेस गेले होते. दुपारी परत येते तो वाफा उलथापालथा. मालोजीने दिवसाढवळ्या, दोन गडी लावून, सगळे कंद उपसून नेले होते. लोक जमले. तो म्हणाला, "वाफा रिकामा व्हता. ना पान, ना फूल. वयनीच्या जिमिनीत हरभरा तरी व्हईल म्हनून खनला." लोकांनी मान डोलावली. पौषात तिथे खरोखरच काही दिसत नसते.

मी दोन दिवस जेवले नाही. घरधनी गेले तेव्हाही मला इतके रडू आले नव्हते. हे मी प्रथमच सांगते आहे.

तिसऱ्या दिवशी खालापूरचे शकूरभाई अत्तार, जे बाजारात औषधी मुळ्या-काष्ठे विकतात, आपली गाडी जुंपून आले. गाडीत पोते. चावडीसमोर सर्वांदेखत ते उतरवून म्हणाले, "भागूबाय, ह्यो माल परवा मी इकत घेतला. पन कंदाला कापल्याजागी राख हाय. रान काय राख लावत नाय. ह्यो कुनीतरी पोसलेला माल हाय."

मी मालोजीस एवढेच विचारले, "भावजी, वाफा रिकामा व्हता, मग पोत्यात काय भरलंत?"

तो लोकांतून वाट काढून घरी गेला. त्या दिवसापासून आम्ही दोघे बोललो नाही. शकूरभाईंनी निम्मे कंद चकत्या करून वाळत घातले होते ते गेले, राहिलेले त्यांनी सर्व परत दिले आणि काही घेतले नाही. त्या निम्म्यांवर मी पुन्हा वाफा उभा केला. आज तो तेव्हाच्या तिप्पट आहे.

कलम ५. राहते घर, गोठा, गाय व विहिरीचा हक्क मालोजीची सून सुंदरा हिला, तिच्या एकटीच्या नावे. तिच्या नवऱ्यास नाही, सासऱ्यास नाही. तिने ते विकल्यास विकावे, राखल्यास राखावे. मला ताप भरला होता तेव्हा सासऱ्याने घराबाहेर काढण्याची धमकी दिली असता ही पोर अकरा दिवस पेजेचे भांडे पदराखाली घेऊन येत होती. मी म्हटले, "घालवून देतील गं तुला." ती म्हणाली, "देऊ दे. तुमच्याकडं हाय की जागा." तेव्हाच मी जागा तिची केली, लिहिले आज.

कलम ६. अमरकंदाचा वाफा व घर, गोठा, विहीर आणि घराचा परसू सोडून वीस गुंठ्यांतली बाकी सर्व जमीन ठकीची मुलगी कोंडी हिला. ठकी आता नाही. ठाकराच्या बाईस जमीन देते म्हणून गावात बोलणे होईल. होऊ द्यावे. ज्या विद्येवर ही जमीन मिळाली ती ठाकरवाडीतून आली, आणि तिच्याबद्दल ठकीने माझ्या घरच्या ताकाखेरीज काही घेतले नाही. कोंडीस कंदाचे सर्व येते. कोंब कधी फुटेल हे ती माझ्याआधी सांगते, आणि तिचे चुकत नाही.

अट एकच. डोळा मातीत ठेवल्यावाचून कंद काढू नये, मग गिऱ्हाईक कोणीही असो. दर ज्येष्ठात काही कंद कड्याखाली नेऊन लावावेत. मी हे अठरा वर्षे करीत आहे. पहिली काही वर्षे डुकरांनी उकरले. मग मी दगडांच्या सांदीत लावू लागले. गेल्या पावसाळ्यात त्या उतारावर मी न लावलेली झाडेही फुलली होती.

कलम ७. विळा, पहार, कुंड्या व झारी कोंडीस. चांदीचे गोठ सुंदरेस. माझी थोडी पुंजी शकूरभाईंकडे ठेव आहे, ती माझ्या क्रियाकर्मास लावावी आणि उरेल ती ठाकरवाडीच्या पाणवठ्याला पायऱ्या बांधण्यास द्यावी. तेराव्यास जिलबी करू नये, मला ती कधी आवडली नाही.

कलम ८. पुन्हा मालोजीविषयी. वरचे लिहून झाल्यावर टिपणीस म्हणाले, "दिराला काहीच नाही असे स्पष्ट लिहू का?" मी थांबा म्हटले.

गेल्या माघात मालोजी माझ्या दारी आला. बावीस वर्षांनी. काठी टेकीत आला, ओटीखाली उभा राहिला. माझी जाऊ लांबच्या तापातून उठली होती, अन्न अंगी लागत नव्हते. वैद्याने अमरकंद सांगितला होता आणि शकूरभाईंच्या दुकानात नव्हता.

"वयनी," तो म्हणाला, "एक कंद पायजे."

मी म्हटले, "वाफा तितंच हाय. पान नाय, फूल नाय. खनता येतं तुमाला, मला ठाव हाय."

तो गेला. मी मागे जाऊन उभी राहिले. गुडघे टेकताना त्यास त्रास झाला, मी हात दिला नाही. त्याने मातीत बोटे घातली आणि तसाच बसून राहिला. "कुटं कापू? मला म्हाईत नाय. तवा नुसतं उपटलं व्हतं."

मग मी खाली बसले. डोळा कोठे असतो तो दाखविला, विळा त्याच्या हातात दिला, राख आणून दिली. त्याने कापले नीट. डोळा परत मातीत लावून त्याने वरून माती सारली आणि म्हणाला, "चुकलं वयनी माजं."

मी "बरं" म्हटले. यापेक्षा जास्त मला म्हणता आले नाही, आणि कमी म्हणावेसेही वाटले नाही. माझी जाऊ आता हिंडतीफिरती आहे.

तेव्हा लिहावे: त्याने लावलेल्या डोळ्यास यंदा कोंब आला आहे. वाफ्याच्या पूर्वेच्या टोकास, दगडाजवळचा. ते झाड मालोजी विठू घारे यांचे. त्यांनी ते कुंडीत घालून घरी न्यावे. पाणी केव्हा बंद करायचे ते कोंडीस विचारावे, आणि तिने सांगावे. बाकी कशावर त्यांचा हक्क नाही.

कलम ९. या व्यवस्थेची अंमलबजावणी शकूरभाईंनी करावी. त्यांस या पत्राने काही मिळत नाही, म्हणूनच त्यांस नेमले आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे मी मेल्यावर चालू व्हावयाचे आहे, आणि मी अजून मेलेले नाही, हे सुंदरेच्या नवऱ्याने ध्यानात ठेवावे.

टिपणीसांनी सर्व मोठ्याने वाचून दाखविले. मला समजले, बरोबर आहे. मृगास चार दिवस आहेत आणि अजून दोन ओळी लावावयाच्या राहिल्या आहेत. कोंडी खाली ओढ्याशी येऊन थांबली आहे. अंगठा उठवून मी तिकडे जाते.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, भागूबाई भ्रतार कान्हा घारे.

साक्षी: शकूर वल्लद रमजान अत्तार, खालापूर. सही दस्तुरखुद्द.

साक्षी: सदू बिन राणू पाटील, वडविहीर. सही दस्तुरखुद्द. बाईंनी आमच्यासमक्ष अंगठा उठविला.

दस्तूर विनायक रामजी टिपणीस, दस्तलेखक, खालापूर. बाईंनी सांगितले तसेच लिहिले, काही गाळले नाही.

मुक्काम वडविहीर, ज्येष्ठ शुद्ध अष्टमी, शके १८२५, बुधवार, तारीख ३ जून १९०३.