जनतेला रजा नाही

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला, की अजून तेच डॉक्टरला औषध सुचवतात? आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर माझ्या अंगाचा तिळपापड झालाय, आणि हे पत्र मी शिलाई मशीनच्या फळीवर लिहितोय, कारण टेबल पोलिसांनी नेलंय. (का नेलं ते पुढे येईल. आधीच सांगितलं तर तू पत्र टाकून भांडायला निघशील.)

तुझं पत्र पोचलं. बारकीच्या नवरदेवाच्या थोरल्या काकांनी लग्नाचा हॉल बघून नाक मुरडलं, खुर्च्या टणक आहेत म्हणाले, पंखे कुरकुरतात म्हणाले, आणि जाता जाता तुमच्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत असं भावोजींना ऐकवून गेले, हे वाचून फार वाईट वाटलं. लग्न लागेपर्यंत तो माणूस तुझ्या नाकी नऊ आणणार, यात शंका नाही. पण ताई, तुला निदान एकटाच माणूस छळतोय. मला अख्खं राज्य छळतंय, आणि वर माझ्याच भल्यासाठी म्हणून छळतंय.

तू लग्न होऊन खाडीपलीकडे गेलीस तेव्हा आपलं हे राज्य म्हणजे एक बंदर, एक टेकडी आणि मधल्या चार गल्ल्या एवढंच होतं. आजही तेवढंच आहे. फक्त बंदरात नांगर टाकणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून आपण कर घेतो, आणि जहाजं इतकी वाढली की तिजोरीचं झाकण बसेना. मग सरकारने विचार केला, एवढ्या पैशाचं करायचं काय, तर लोकांना नोकऱ्या द्या. आधी शिकलेल्यांना दिल्या. मग न शिकलेल्यांना, शिकलेल्यांवर देखरेख ठेवायला दिल्या. कोपऱ्यावरचा कुलूपवाला परदेशगमन खात्याचा साहेब झाला. मासेवाल्या मावशी वारा खात्याच्या संचालक झाल्या. (त्या बोट ओलं करून वर धरतात, आणि मागे बसलेली माणसं वारा कुठला ते लिहून घेतात.) तुझी वहिनी दीपगृह खात्यात उपसंचालिका आहे. दिवा एकच, पण उपसंचालिका चार: एक पेटवण्याची, एक विझवण्याची, एक पेटलेल्या दिव्याची आणि आपली ही विझलेल्या दिव्याची. त्यामुळे हिला दिवसपाळी मिळते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

आता या सगळ्यांचे गणवेश कोणी शिवले? मी! राज्यात शिंपी एकच. रोज कोणी ना कोणी साहेब व्हायचा आणि माझ्या दाराशी येऊन हात आडवे करून उभा राहायचा. (बढती मिळाली की माणसाची छाती दोन बोटं वाढते. थापा नाही मारत, टेप लावून बघितलंय.) त्या गडबडीत स्वतःसाठी अर्ज करायचं राहून गेलं. आज करू, उद्या करू. शेवटी एकच जागा उरली, तेव्हा किराणावाला माझ्यासमोर उभा होता. त्याच्या कोटाला मी काज करत होतो. कोणीतरी रस्त्यातून ओरडलं की शेवटची जागा भरतेय, आणि हा माणूस एक बाही टाचण्यांवर, एक खांदा उघडा, तसाच पळाला आणि जागा पटकावून परत आला. वर म्हणतो कसा, राहिलेली काजं करून टाका. आणि मी केली! (हो, केली. काम अर्धवट सोडायला आईने आपल्याला शिकवलंय का?)

मग मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा कळलं की आता मला नोकरी देताच येत नाही. राज्यघटनेच्या पहिल्याच ओळीत म्हणे लिहिलंय की हे सरकार जनतेसाठी आहे. आता सगळेच सरकारात गेले तर जनता कोण? सरकार चालणार कोणासाठी? तेव्हा एक तरी माणूस जनता म्हणून उरायला हवा. तर ताई, गेली आठ वर्षं या राज्याची जनता म्हणजे तुझा भाऊ. सगळी. दुसरं कोणी नाही.

तू म्हणशील, मग काय, मजाच आहे की तुझी. डोंबलाची मजा! मागे एकदा बंदराच्या विस्तारावर जनसुनावणी होती. भलामोठा हॉल, खुर्च्याच खुर्च्या, आणि त्यात मी एकटा. व्यासपीठावर मात्र दाटीवाटी. सुरुवातीलाच साहेबांनी विचारलं, मागच्या रांगेतल्यांना ऐकू येतंय का? सगळे माझ्याकडे बघत बसले. शेवटी मी उठलो, मागच्या रांगेत गेलो, येतंय म्हणून सांगितलं आणि परत पुढे येऊन बसलो. मग डाव्या बाजूच्यांना दिसतंय का, असं विचारलं. पुढच्या वेळेपासून मी शहाणा झालो आणि मागेच बसायला लागलो. खिडकीपाशी एक खुर्ची आहे, पाय न डुगडुगणारी. निदान तिथे वारा येतो.

रांग खात्याचं तर विचारूच नकोस. साधा दाखला हवा असला तरी दोऱ्या बांधून केलेल्या त्या नागमोडी वाटेने पूर्ण चालत जावं लागतं. दोरीखालून वाकून गेलो तर शिट्टी वाजते, कारण मी रांग मोडलेली असते. रांगेत मीच पहिला, मीच शेवटचा, आणि तरी खिडकीशी पोचलो की बाई पाटी लावतात, जेवणाची सुट्टी. निवडणूक झाली ती गुप्त मतदानाने. पडद्यामागे जाऊन मी मत दिलं, बाहेर आलो, तर दोन्ही उमेदवार हात जोडून उभे. निकाल लागायला तीन दिवस लागले, कारण मोजणी खात्यात माणसं फार. जिंकलेल्याने जाहीर केलं की संपूर्ण जनता माझ्या पाठीशी आहे. हरलेला तेव्हापासून माझ्याकडे पँट आखूड करायलासुद्धा येत नाही. गुप्त म्हणे!

आणि आता टेबलाचं ऐक. महिन्यातून एकदा पोलिसांचा जमाव पांगवण्याचा सराव असतो. जमाव म्हणजे मीच. माझंच टेबल आडवं करून त्यामागे सगळे शिरस्त्राणं घालून उभे राहतात आणि कर्ण्यावरून मला सांगतात, पांगा. अहो, एकटा माणूस पांगणार कसा? मी डावीकडे गेलो तर म्हणतात जमाव डावीकडे सरकतोय. उजवीकडे गेलो तर म्हणतात तिकडूनही येताहेत. मीही काही लगेच ऐकत नाही म्हणा. दोनदा सांगितलं तरी हलत नाही, तिसऱ्यांदा जातो. त्यांनाही तेवढंच समाधान. पण टेबल परत आणून द्यायचं काम दुसऱ्या खात्याचं आहे, आणि ते खातं सध्या टेबल शोधतंय.

हे सगळं मी सोसलं. तुला कधी एका शब्दाने कळवलं? पण आता गोष्ट आपल्या बारकीच्या लग्नाची आहे. ती पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या अंगावरचा एकेक कपडा मी शिवून पाठवलाय. लग्नाचा पोशाखही मामाच्याच हातचा घालीन, असं तिने मला स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. तो तयार आहे. फक्त अंगावर घालून शेवटच्या टाचण्या लावायच्या राहिल्यात, आणि त्या दुसऱ्या कोणाला जमायच्या नाहीत. बारकीचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली आहे. हे तिला माहीत आहे आणि मला. (आता तुलाही. बोलू नकोस तिला.) दुसऱ्या कोणी तो पोशाख चढवला तर भर मांडवात एका बाजूने लोंबेल, आणि पोरगी फोटोत जन्मभर वाकडी दिसेल.

म्हणून आठ दिवसांची रजा मागायला मी परदेशगमन खात्यात गेलो. कुलूपवाला साहेब म्हणाला, तुम्ही गेलात तर राज्यात जनता राहणार नाही, आणि जनतेशिवाय सरकार चालवणं बेकायदा आहे. सभागृहाचं कामकाज चालू नसताना गेलात तर बघू. मी विचारलं, ते बंद कधी असतं? म्हणाला, कधीच नसतं. ज्या माणसाच्या वाढत्या पोराचे शर्ट मी फुकट उसवून मोठे करून दिले, त्याने मला हे ऐकवावं! माझं डोकंच फिरलं. पोशाखाचं गाठोडं काखेत मारलं आणि सरळ धक्क्यावर गेलो, पहिली होडी पकडायला. तर जनता धक्क्यावर आली म्हणून बंदर खात्याची अख्खी फौज धावत आली. बँड वाजला. त्यांना वाटलं मी नव्या धक्क्याचं उद्घाटन करायला आलोय. माझ्या हातात कात्री होतीच. (शिंप्याच्या खिशात कात्री असणारच.) त्यांनी फीत पुढे धरली. काय करणार, कापली. टाळ्या होईपर्यंत होडी निघून गेली.

मग मात्र मी सुई खाली ठेवली. जनता संपावर! बटण नाही, टाका नाही, काही नाही. पहिले काही दिवस कोणाला जाणवलं नाही. मग सरकार हळूहळू उसवायला लागलं. पोलिसप्रमुखांची काखेतली शिवण गेली, त्यांना सलाम ठोकता येईना. मासेवाल्या मावशींची बाही उसवली, त्यांनी वारा बघायला हात वर करणं सोडलं, आणि राज्यात वारा कुठला हे कोणाला कळेना. तुझ्या वहिनीने घरच्या घरी एक बटण लावून घेतलं, ते कोटाच्या दोन्ही बाजूंना मिळून शिवलं गेलं. आणि परवा मोठ्या जहाजाच्या स्वागताला राज्यप्रमुख उभे राहिले ते एका हाताने पँट धरून.

त्याच संध्याकाळी ते स्वतः दुकानात आले, तशीच पँट धरून. माणूस मूळचा साधा, धक्क्यावर तिकिटं फाडायचे. माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, तुम्हाला आमचा वैताग येतो ते कळतं. पण सकाळी उठून आम्ही जे काही करतो ते तुमच्यासाठीच करतो ना. तुम्ही गेलात आणि परत आलाच नाहीत, तर आम्ही उठायचं कशाला? राग आला मला. अजूनही येतोय. पण त्यांची बटणं लावताना दोरा मी दुहेरी घेतला. एका किरकोळ अटीवर त्यांनी रजा मंजूर केली. ती अट तुला सांगून कशाला त्रास देऊ?

तेव्हा मी येतोय. बारकीला म्हणावं, जे बूट घालणार आहेस तेच घालून उभी राहा. भावोजींना नमस्कार. कंबरेला जप, जड काही उचलू नकोस.

तुझा,
एकुलता एक भाऊ (आणि इथली एकुलती एक जनता)

ता. क. : अट सांगायलाच हवी. मी परत येईपर्यंत माझ्या जागी कोणीतरी बदली जनता ठेवायची आहे. वयाने जाणता, कुठेही नोकरीला नसलेला आणि तक्रार करायला न कंटाळणारा माणूस हवा. ताई, मी लगेच नाव दिलं: नवरदेवाचे थोरले काका. त्यांना म्हणावं, राज्याचे खास पाहुणे म्हणून बोलावलंय. हॉलभर खुर्च्या आहेत, एकेक बसून बघा. आपण बारकीच्या खांद्याकडे बघू आणि ते पंख्याकडे बघतील. त्यांची होडी माझी होडी निघण्याआधी पोचायला हवी, नाहीतर मला सोडणार नाहीत. तिकिटाचं नवरदेवाकडे हळूच बोलून बघ. तो आनंदाने काढून देईल असं मला वाटतं.

ता. क. दुसरा : काका जिन्याच्या पायऱ्यांनाही नावं ठेवतात हे मी इथे सांगितलं, तर तक्रार खात्यात लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. खिडक्या धुतल्या, पडदे बदलले. राज्यप्रमुख दोनदा विचारून गेले, खरंच पंख्यांवरही बोलतात का? माझ्यासाठी आठ वर्षांत एक पडदा बदलला नाही कोणी. कृतघ्न मेले.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच : काकांना सांग, खिडकीपाशीच्या खुर्चीवर बसायचं नाही, ती माझी आहे. पांगा म्हटल्यावर दोनदा हलायचं नाही, पण तिसऱ्यांदा जायचं, पोलिसांना उगाच ताणू नये. आणि परतीचं तिकीट आधीच काढून त्यांच्या खिशात घाल, मी खिसा शिवून द्यायला तयार आहे. कारण ते इथे जनता म्हणून रमले तर सरकार मला नोकरी देईल गं. मग गणवेश शिवावा लागेल, आणि माझं माप घेणारं या राज्यात कोणी नाही.